कागदावरचे खळगे

चिम्वाला शाळा,
२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

मी सुखरूप पोचले. फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, आणि इथे बोलायचं तर टेकडीवर चढावं लागतं, म्हणून पत्रच लिहिते आहे. सुकी मासळी नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर बास्को दर पंधरा दिवसांनी झोंबाला जातो. तो तुमच्या दारात पत्र देईल. त्याला चहा द्या. तो उत्तरासाठी थांबायलाही तयार आहे म्हणतो, पण मला वाटतं ते चहासाठी.

घर बरं आहे. खिडकीतून सरोवर दिसतं. मला आठवी दिली आहे, कारण प्राथमिकचा शेवटचा, मंडळाच्या परीक्षेचा हा वर्ग कोणालाच नको होता. त्रेचाळीस मुलं. हेडमास्तर सिंगिनी पहिल्याच दिवशी म्हणाले, "पदवी घेऊन प्राथमिक शाळेत आलात? काही गुन्हा केलात का?" मी सांगितलं, मी मागून घेतली ही शाळा.

आत्या, तुम्ही रागावू नका, मी वर्ग तीन भागांत बसवला आहे. कॉलेजात आम्हांला शिकवलं की सगळी मुलं एका वाटेने शिकत नाहीत. कोणाला बघून कळतं, कोणाला ऐकून, कोणाला हाताने केल्यावर. पहिले दोन आठवडे मी नुसती निरीक्षणं केली आणि मग डोळ्याची मुलं, कानाची मुलं आणि हाताची मुलं असे गट केले. डोळ्याची मुलं फळ्याजवळ. कानाची मुलं व्हरांड्यात, ती गणिताची गाणी करतात. हाताची चौदा मुलं बाहेर आंब्याखाली रेतीत.

त्या चौदांत एनेलेसी आहे. पंधरा वर्षांची. दोनदा आठवीत नापास झाली आहे. हिला वडिलांचं घर नाही, आई वारली, आजोबांजवळ राहते. पण शब्द चालतो तो मामाचा. मामा कासुंगूकडे तंबाखूच्या मळ्यावर वाट्याने शेती करतो. त्याने सांगून ठेवलं आहे, या वेळी पास झाली आणि माध्यमिक शाळेच्या यादीत नाव लागलं तर शिकेल. नाही तर ऑगस्टमध्ये मळ्यावर. पानं बांधायला त्याला माणसं कमी पडतात.

पहिल्या दिवशी मी तिला फळ्यावर १५६ भागिले १२ दिलं. ती खडू धरून उभी राहिली, इतका वेळ की मुलं हसायची थांबली. त्याच संध्याकाळी मी तिच्या आजोबांना भेटायला गेले. ते अंगणात शेजाऱ्याबरोबर लाकडी पाट मांडून बावो खेळत होते. एनेलेसी मागे मंडासीचे गोळे तळत होती. आजोबांनी पाटावरच्या एका खळग्यातल्या तेरा बिया उचलल्या आणि ही पाठमोरी म्हणाली, "आजोबा, नका. शेवटची बी मागच्या ओळीच्या टोकाला पडेल, तिथे तुमचं काही नाही." तिने पाट बघितलासुद्धा नव्हता. सगळे खळगे तिच्या डोक्यात होते.

आत्या, जी मुलगी चार ओळी, बत्तीस खळगे आणि चौसष्ट बिया डोक्यात धरते तिला भागाकार येत नाही असं कोण म्हणेल? तिला भागाकार येतो. आपल्याला तिला विचारता येत नाही.

मी तिला पास करणार आहे.

तुमची,
आतुपेले


झोंबा,
१६ ऑक्टोबर

प्रिय आतुपेले,

तुझा बास्को तीन कप चहा प्यायला आणि माझी भाकरीची टोपली रिकामी करून गेला. पुढच्या वेळी जरा कमी भुकेला माणूस पाठव.

पत्र दोनदा वाचलं. आपल्या घरातली पहिली पदवी तू आणलीस, तेव्हा मी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत फिरले होते. आता विचारतात, "भाची कुठे असते?" तर मी म्हणते, "सरोवराकाठी." शहर कुठलं ते सांगत नाही. असो. ती गोष्ट झाली.

आता तुझ्या गटांविषयी. मी चौतीस वर्षं शिकवलं. माझ्याकडे एक फळा होता, एक छडी होती आणि नव्वद मुलं होती. सगळी एका सुरात पाढे म्हणत. शेवटच्या बाकावरच्याला येत नसेल तर तो ओठ हलवी. ते मला दिसत असे. मी काय करणार होते? आणखी एक फळा कुठून आणणार होते? तेव्हा तू जे करतेस ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण एका मुलाला डोळे, कान आणि हात तिन्ही असतात, आतुपेले. तू एकेकाचं एकेक ठेवून बाकीचं काढून घेऊ नकोस.

आणि बावो हा पुरुषांचा खेळ. माझे वडील पाट मांडून बसले की मला आणि माझ्या आईला त्या बाजूने जायचीही परवानगी नव्हती. खळग्यात काय चालतं ते मला आजही ठाऊक नाही. गावातली माणसं बोलतील, तयारी ठेव.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. परीक्षा कागदावर असते. दर जूनला मंडळाचं पत्र येतं आणि मी गणिताच्या उत्तरपत्रिका तपासायला जाते. वीस वर्षं झाली. लांब टेबलं, बाराबारा तपासनीस, समोर गठ्ठे. तिथे मला मुलाचं तोंड दिसत नाही, गावाचं नाव दिसत नाही. केंद्राचा क्रमांक आणि मुलाचा क्रमांक, बस. आणि उत्तर. कागद विचारतो तेवढंच सांगता आलं पाहिजे.

तिला लिहायला बसव. रोज.

तुझी आत्या,
फालेसी


चिम्वाला,
८ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुम्ही म्हणालात तसंच झालं. मासेमारीच्या होड्यांजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्यांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली. मुली खळग्यांत हात घालतात, आता पुरुषांनी भांडी घासायची का, असं. मी एनेलेसीच्या आजोबांनाच शाळेत बोलावलं. ते आले, काठी टेकत आंब्याखाली बसले आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, "माझ्या नातीशी खेळा. जो जिंकेल त्याने तक्रार करावी." तिघे खेळले. तिघेही घरी गेले. त्यानंतर तक्रार नाही. उलट आजोबांनी शाळेसाठी दोन पाट कोरून दिले.

आता हाताची मुलं खळग्यांतच सगळं करतात. भागाकार म्हणजे सारख्या बिया टाकत जाणं. दोनास तीन प्रमाण म्हणजे दोन खळग्यांत माझं, तीनमध्ये तुझं. शेकडेवारीसाठी आम्ही रेतीत दहा ओळींत दहा खळगे केले. एनेलेसी इतरांना शिकवते. परवा तिने एका मुलाला म्हटलं, "तू आकडे बघून घाबरतोस. आकडा म्हणजे बीच आहे, तिने नुसते कपडे घातलेत." मी ते माझ्या वहीत उतरवून घेतलं.

हेडमास्तरांना मात्र मला ते समजावता आलं नाही. त्यांनी परीक्षेची यादी करायला घेतली आणि सात नावांवर रेघ मारली. पहिलं एनेलेसीचं.

मी म्हटलं, "सर, तिला येतं."

"दोनदा आलं नाही ते."

"तेव्हा तिला कोणी तिच्या पद्धतीने विचारलं नव्हतं."

"मॅडम," ते म्हणाले, "ही सात मुलं बसली नाहीत तर शाळेचा निकाल साठ टक्के. बसली तर पन्नास. पन्नास लागला की जिल्ह्याचे साहेब मला विचारायला येतात. तुम्हांला नाही."

मी त्यांना शब्द दिला की ही सात मुलं निकाल खाली आणणार नाहीत, आणि आणलाच तर साहेबांसमोर मी उभी राहीन. त्यांनी रेघा खोडल्या. मला वाटतं त्यांना आतून बरंच वाटलं असावं.

लिखाण रोज चालू आहे. काळजी करू नका.

तुमची,
आतुपेले


झोंबा,
१९ फेब्रुवारी

प्रिय आतुपेले,

इथे मका अजून शेतात हिरवा आहे आणि घराघरांत कणगी रिकामी आहे. तुमच्याकडेही तसंच असणार. या दिवसांत मुलं शाळेत येईनाशी होतात, मळ्यावरचे मामा आठवण काढायला लागतात. तुझ्या एनेलेसीला घट्ट धरून ठेव. दुपारी तिला घरी बोलाव, थोडी पेज दे. भूक लागलेलं मूल कुठल्याच पद्धतीने शिकत नाही, हे तुझ्या कॉलेजात शिकवलं की नाही माहीत नाही.

तुझं डिसेंबरचं पत्र मी शेजारच्या मिसेस माकोलेजांना वाचून दाखवलं. त्याही मास्तरीण होत्या. "बीने कपडे घातलेत" हे ऐकून त्या हसल्या, मग आपल्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी सांगत बसल्या. मलाही माझा एक विद्यार्थी आठवला. तो खिशात खडे घेऊन यायचा आणि बाकाखाली मोजायचा. मी ते खडे खिडकीतून फेकून द्यायची. दुसऱ्या दिवशी तो नवे आणायचा. शेवटी त्याने आणणं सोडलं, आणि नंतर शाळा. त्याचं नाव मला आठवत नाही. ते आठवत नाही हेच जास्त टोचतं.

बास्कोबरोबर दोन डझन पेन्सिली पाठवते आहे. पाट परीक्षेच्या खोलीत नेता येणार नाही, हे तुला ठाऊक आहेच. तेव्हा ती मुलं तिथे खेळणार कशात, याचा विचार आत्ताच कर.

तुझी आत्या,
फालेसी


चिम्वाला,
२५ मे

प्रिय आत्या,

परीक्षा संपली. काल गणित झालं.

मी बाहेर आंब्याखाली उभी होते, आत जायला आम्हांला मनाई. दुसऱ्या शाळेचे मास्तर पर्यवेक्षक होते. एनेलेसीचा क्रमांक सतरा, दाराजवळचा बाक, त्यामुळे मला तिची पाठ दिसत होती. पहिली दहा मिनिटं ती हलली नाही. मला ते फळ्यासमोरचं उभं राहणं आठवलं. मग तिची कोपरं हलायला लागली आणि शेवटपर्यंत थांबली नाहीत.

बाहेर आली ती तशीच माझ्याजवळ. मी विचारलं, "किती सोडवलीस?"

"सगळी, मॅडम."

"सगळी?"

"दोन परत केली. पहिल्यांदा बी सांडली होती."

तुम्ही विचारलं होतं ना, ती मुलं तिथे कशात खेळणार? त्यावर आम्ही एक युक्ती काढली होती. भेटल्यावर सांगेन, पत्रात तिची मजा जाईल.

मामा आला होता. उंच, थकलेला माणूस, वाईट नाही. मी त्याला सांगितलं, निकालापर्यंत थांबा. तो म्हणाला, "मॅडम, मी तीन वर्षं थांबलोय. यादीत नाव दिसलं तर मीच तिची पेटी उचलून माध्यमिक शाळेत नेईन. नाही दिसलं तर तुम्ही मधे येऊ नका." मी हो म्हटलं. एनेलेसीनेही हो म्हटलं.

तुम्ही आता तपासायला जाल. कदाचित आमचाच गठ्ठा तुमच्या टेबलावर येईल. मी गमतीने म्हणते आहे.

तुमची,
आतुपेले


झोंबा,
३ जुलै

प्रिय आतुपेले,

परवाच घरी आले. तीन आठवडे एका जागी बसून कंबर धरली आहे. पण या वेळी मला मुख्य तपासनिसांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, म्हणून म्हातारी जरा फुगली आहे. ऐक.

एका केंद्राचा गठ्ठा माझ्याकडे आला. कुठलं केंद्र ते आम्हांला कळत नाही, हे तुला सांगितलंच आहे. वरच्या पेपरच्या कडेला शाईने काढलेले छोटे छोटे गोल, ओळीने, आणि प्रत्येक गोलात ठिपके. कुठे सहा, कुठे नऊ. मला वाटलं पोराने कंटाळून काढले. उत्तरं तपासली तर जवळजवळ सगळी बरोबर. दुसरा पेपर, तेच गोल. असे एकूण नऊ पेपर एका गठ्ठ्यात. नियमच आहे, उत्तरपत्रिकेवर ओळखीची खूण नको. आणि इथे तर नऊ मुलांच्या एकसारख्या खुणा, आणि उत्तरं बरोबर. आतली पायरी न दाखवता थेट उत्तर. कोणीतरी हुशार मास्तर बाहेरून ठिपक्यांत उत्तरं पुरवत असणार, किंवा तपासणाऱ्याला ओळख पटवत असणार. मी नऊही पेपरांवर लाल रेघ मारली आणि गठ्ठा मुख्यांकडे नेला. ते म्हणाले, "फालेसीबाईंच्या डोळ्यांतून मुंगी सुटत नाही."

अशा मास्तरांमुळे तुझ्यासारख्या प्रामाणिक मुलींचं नाव खराब होतं. तुझी एनेलेसी कशी आहे? यादी महिन्याभरात लागेल.

तुझी आत्या,
फालेसी


चिम्वाला,
१७ जुलै

प्रिय आत्या,

तुमचं पत्र मिळालं. तुमची कंबर आता कशी आहे? गरम पाण्याने शेकत जा.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण दुसऱ्या एका शाळेत आठवीला शिकवते. तिला असं विचारायचं आहे की, ज्या गठ्ठ्यात खुणा सापडतात त्यातल्या बाकीच्या मुलांचं काय होतं? ज्यांनी खुणा केल्या नाहीत त्यांचं. आणि कोणी जाऊन समजावून सांगितलं की त्या खुणा नव्हत्या, ते दुसरंच काही होतं, तर मंडळ ऐकतं का?

बास्को थांबला आहे, म्हणून इतकंच.

आतुपेले


झोंबा,
१८ जुलै

आतुपेले,

बास्कोला मी काल रात्री इथेच ठेवून घेतलं, म्हणजे सकाळी हे पत्र त्याच्याबरोबर जाईल.

तुझी कोणी मैत्रीण नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी तुझी जुनी सगळी पत्रं काढली. सप्टेंबरपासूनची. खळगे, बिया. ठिपके म्हणजे बिया. तुझं डिसेंबरचं पत्र तपासणीच्या वेळी माझ्या पिशवीत होतं, बरोबरच्या तपासनिसांना वाचून दाखवायचं म्हणून नेलं होतं. पिशवी माझ्या पायाशी होती आणि मी वर टेबलावर लाल रेघा मारत होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: एका गठ्ठ्यात तीनहून जास्त पेपरांवर खुणा सापडल्या तर सगळ्या केंद्राचा निकाल रोखतात. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुलांचा.

मला खरं सांग. तू त्यांना ते गोल काढायला सांगितले होतेस का?

फालेसी


चिम्वाला,
६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

हो. मी सांगितले होते.

तुम्ही फेब्रुवारीत विचारलंत, तेव्हा मी तीन दिवस विचार केला. मग मुलांना म्हटलं, कागदाच्या कडेला हलक्या हाताने खळगे काढा, बिया टाका, उत्तर लिहा आणि खोडून टाका. तुमच्याच पेन्सिलींनी आम्ही मार्चपासून सराव केला. खोडल्यावर काही दिसत नसे. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी आत पेन्सिली काढून घेतल्या, हे मला तुमच्या जुलैच्या पत्रानंतर मुलांकडून कळलं. फक्त शाई. हे मला माहीत असायला हवं होतं. प्रत्येक मास्तरला माहीत असतं. मी कधी आठवीला परीक्षेला बसवलंच नव्हतं, आणि कोणाला विचारलं नाही, कारण मला वाटत होतं की मला बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं.

एनेलेसीला मी नंतर विचारलं, शाई खोडता येत नाही हे दिसल्यावर काय केलंस? ती म्हणाली, "दहा मिनिटं विचार केला, मॅडम. मग म्हटलं, तुम्ही सांगितलंय म्हणजे चालत असेल."

ती दहा मिनिटं मी आंब्याखालून बघत होते.

आणि डिसेंबरात मी तुम्हांला लिहिलं की लिखाण रोज चालू आहे. ते खरं नव्हतं. हाताच्या मुलांना वही दिली की त्यांचे चेहरे पडायचे, खळगे दिले की उजळायचे. मला ते उजळलेले चेहरे हवे होते. डोळे, कान आणि हात तिन्ही असतात हे तुम्ही लिहिलं होतंत. मी ते वाचून बाजूला ठेवलं.

यादी सोमवारी लागली. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळा होत्या, आमची नव्हती. खाली एका ओळीत केंद्राचा क्रमांक आणि "निकाल रोखला" इतकंच. डोळ्याच्या गटातला ब्लेसिंग्ज, जो जिल्ह्यात पहिला आला असता असं हेडमास्तर म्हणत होते, त्याची आई शाळेच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी उठून गेली. हेडमास्तर मला फक्त म्हणाले, "तुम्ही साहेबांसमोर उभं राहणार होतात ना? ते गुरुवारी येताहेत."

मामा पुढच्या महिन्यात ट्रक मिळाला की येणार आहे. मी त्याला शब्द दिला आहे की मधे येणार नाही.

तुम्ही मंडळाकडे जाऊ नका. तुम्ही गेलात तर ते विचारतील की तुम्हांला कसं कळलं.

आतुपेले


झोंबा,
१२ सप्टेंबर

प्रिय आतुपेले,

मी गेले.

पूर्ण सांगते, कारण आपल्या दोघींत लपवालपवी पुरे झाली. तपासणीच्या आधी आम्ही एक फॉर्म भरतो. त्यात विचारलेलं असतं, कोणी नातलग यंदा आठवीला शिकवतं का? मी वीस वर्षं "नाही" लिहीत आले. याही वर्षी लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. हाताला सवय झाली होती. तो फॉर्म त्यांच्या फाइलीत होता.

मी मिसेस माकोलेजांच्या नवऱ्याचा बावोचा पाट काखेत मारून गेले. चर्चमधल्या बायांनी मला तसं जाताना पाहिलं असतं तर त्यांना वर्षभर विषय पुरला असता. मंडळातल्या साहेबांच्या टेबलावर मी तो ठेवला, बिया टाकल्या आणि त्यांना दाखवलं की मूल कसं मोजतं. आदल्या दिवशी मिस्टर माकोलेजांकडून शिकून घेतलं होतं. साहेब भले गृहस्थ होते, त्यांनी सगळं पाहिलं. स्वतः एक बी उचलून टाकलीही. मग विचारलं, "बाई, हे तुम्हांला कोणी सांगितलं?"

"तिथल्या शिक्षिकेने."

"ती तुमची कोण?"

मी सांगितलं. त्यांनी फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. मग ते म्हणाले, "म्हणजे खुणा कोणी करायला लावल्या आणि कोणाच्या टेबलावर पोचल्या, हे आम्ही शोधत होतो. तुम्ही स्वतःच आणून दिलंत."

मी म्हटलं, "मग मीच त्या पकडून का दिल्या असत्या?"

ते म्हणाले, "ते मला कळत नाही. पण हे कागदावर नाही. फॉर्म कागदावर आहे."

तेच मी तुला पहिल्या पत्रात ऐटीत लिहिलं होतं. कागद विचारतो तेवढंच.

माझं नाव तपासनिसांच्या यादीतून काढलं आहे. त्याचं मला काही नाही. चिम्वाला केंद्र दोन वर्षांसाठी बंद केलं आहे. मुलांना पुन्हा बसायचं तर दुसऱ्या केंद्रात, नव्याने. मी गेले नसते तर कदाचित एका वर्षावर भागलं असतं.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी लिहिते आहे. त्या गठ्ठ्यातला वरचा पेपर मी लाल रेघ मारण्याआधी पूर्ण तपासला होता. क्रमांक मी माझ्या डायरीत टिपून ठेवला होता, मुख्यांना दाखवायला. सतरा. पन्नासपैकी सत्तेचाळीस. त्या दिवशी माझ्या टेबलावर आलेल्या पेपरांत सगळ्यांत जास्त. आणि मला संशय आला तो त्यामुळेच. गोल काढणारं मूल नापास होत असतं तर मी रेघ मारली नसती.

तिला सांग. तिला सत्तेचाळीस मिळाले होते. मामाला सांग. मी सही करून द्यायला तयार आहे, माझ्या सहीला आता काही किंमत नसली तरी.

आणि आतुपेले, खळगे सोडू नकोस. चूक शाईची होती, माझी होती, थोडी तुझी होती. खळग्यांची नव्हती. मी त्या दिवशी पाटावर पहिल्यांदा भागाकार केला. चौतीस वर्षं शिकवलेला भागाकार मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

तुझी आत्या,
फालेसी


चिम्वाला,
१० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुमचं पत्र बास्कोने चौदा सप्टेंबरला दिलं. एनेलेसी त्याआधीच, दहा सप्टेंबरला गेली होती. त्याच बास्कोच्या ट्रकवर, मासळीच्या पोत्यांवर बसून, मोठ्या रस्त्यापर्यंत. तिथून मामा तिला पुढे घेऊन गेला. बास्को म्हणाला, वाटेत ती त्याला विचारत होती की एका पोत्यात किती मासे असतील, आणि तिने जो आकडा सांगितला तो त्याने नंतर गंमत म्हणून मोजून पाहिला. बरोबर निघाला की नाही ते मी त्याला विचारलं नाही.

निघताना ती माझ्याकडे आली होती. मला वाटलं रडेल, किंवा मला बोलेल. ती म्हणाली, "मॅडम, मला किती मिळाले असते?" मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं.

मळ्याचा पत्ता कोणाला नाही. तिचे आजोबा म्हणतात, मळ्यांची नावं दर हंगामाला बदलतात, मामाच सांगावा पाठवतो. मी सत्तेचाळीस हा आकडा आजोबांना सांगितला. त्यांनी पाटावर सत्तेचाळीस बिया मोजून टाकल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. मागच्या आठवड्यात मामाचा सांगावा आला. मुलगी ठीक आहे. हात फार चलाख आहेत, दिवसाला सगळ्यांपेक्षा जास्त जुड्या बांधते.

ब्लेसिंग्ज दुसऱ्या केंद्रात बसायला मावशीकडे गेला. बाकीच्यांपैकी अकरा पुन्हा बसतील. उरलेल्यांनी ठरवलेलं नाही, म्हणजे ठरलेलंच आहे.

जिल्ह्याच्या साहेबांनी चौकशी केली. मला नोकरीतून काढलं नाही, कारण या शाळेला दुसरं कोणी मिळत नाही. आठवी काढून घेतली आणि दुसरीचा वर्ग दिला. एकशे अडतीस मुलं, आंब्याखाली. आजोबांनी कोरून दिलेले पाट हेडमास्तरांनी त्यांना परत पाठवले. पाटांच्या कपाटाला आता कुलूप आहे, आणि शाळेत कोणी कुठे खळगे काढायचे नाहीत अशी नोटीस आहे. हेडमास्तर सिंगिनी वाईट माणूस नाहीत. नोटीस लावताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही लिहिलंत, खळगे सोडू नकोस. आत्या, मी तुम्हांला आता खोटं लिहिणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

काल मी मुलांना बेरजा देत होते. मी म्हणते, ती माझ्यामागे म्हणतात. एका सुरात, जशी तुमच्या वर्गात म्हणत. पहिल्या ओळीतली एक मुलगी, सहा-सात वर्षांची, म्हणत नव्हती. नुसते ओठ हलवत होती. तुम्ही लिहिलं होतंत तसं ते मला दिसलं. तिचा हात खाली होता. तिने बोटाने रेतीत दोन खळगे केले होते, एकात चार खडे, एकात तीन. मग सगळे खडे एका खळग्यात ओतून ती मोजत होती.

व्हरांड्यात हेडमास्तर उभे होते.

मी त्या मुलीजवळ गेले. तिने वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "सात." उत्तर बरोबर होतं. मी तिला म्हटलं, "हात वर घे. सगळ्यांबरोबर म्हण." आणि पायाने रेती सारखी केली.

तुमची,
आतुपेले